हँडहेल्ड गेमिंग यंत्राचा हेडफोन जॅक घरी दुरुस्त करताना

माझ्याकडे येणाऱ्या हँडहेल्ड गेमिंग यंत्रांबरोबर बहुधा निदानही आधीच ठरून आलेले असते : ‘जॅक गेला.’ उघडून पाहावे तर कधी आत कापडाच्या तंतूंचा गोळा बसलेला असतो, कधी जाड सिलिकॉनच्या कव्हरामुळे पिन पूर्ण आत जात नसते, तर कधी यंत्र ठणठणीत असून हेडफोनचीच वायर मुळाशी तुटलेली असते. दुरुस्ती हा माझा व्यवसाय नाही; गोव्यातील फोंड्यात घराच्या माडीवर एक टेबल, एक भिंग, एक मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंग आयर्न एवढाच माझा पसारा आहे. तरीही शेजारपाजारची मुले आणि चवथीला मुंबई-पुण्याहून गावी येणारे भाचे-पुतणे यांच्यामुळे गेल्या काही वर्षांत बरीच यंत्रे हाताखालून गेली, आणि त्यावरून नवख्यांसाठी हा क्रम लिहीत आहे. ज्याने आयर्न कधी हातात धरलेले नाही त्यालाही यातील पहिला अर्धा भाग निर्धास्तपणे करता येतो, आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावरच काम भागते. म्हणून क्रम मोडू नये. स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याची घाई हीच या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

जॅकच्या आत काय असते

हेडफोनच्या पिनचा व्यास ३.५ मिलिमीटर असतो. १९७९ साली आलेल्या वॉकमनला जी पिन लागत असे तीच आजच्या यंत्रालाही लागते. पिनवर काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या बारीक वळ्यांनी वेगळे केलेले धातूचे पट्टे दिसतात. तीन पट्ट्यांची पिन केवळ ऐकण्यासाठी असते : टोक म्हणजे डावा कान, मधला पट्टा म्हणजे उजवा कान आणि मुळाकडचा भाग म्हणजे ग्राउंड, दोन्ही कानांची परतीची सामाईक वाट. चार पट्ट्यांच्या पिनमध्ये माइकची भर पडते. आज सर्वत्र रूढ असलेल्या सीटीआयए पद्धतीत तिसरा पट्टा ग्राउंडचा आणि चौथा माइकचा असतो, तर जुन्या ओएमटीपी पद्धतीत या दोघांची जागा उलट असते. त्यामुळे जुना हेडसेट नव्या यंत्राला लावल्यावर आवाज पोकळ येत असेल, तर दोष यंत्राचा नसून जोडीचा असण्याची शक्यता आहे.

जॅकच्या पोकळीत प्रत्येक पट्ट्यासाठी एक लवचीक धातूची पत्ती असते. पिन आत गेली की ती पत्तीला थोडी बाजूला ढकलते आणि पत्ती स्प्रिंगसारखी पिनवर दाबून राहते. याशिवाय एक पत्ती केवळ पिन आत आली की नाही हे ओळखण्यासाठी असते. जुन्या, साध्या यंत्रांत स्पीकरकडे जाणारा आवाज याच पत्तीच्या स्पर्शातून पुढे जात असे आणि पिन घातली की तो स्पर्श तुटत असे. नव्या यंत्रांत ही पत्ती मुख्य चिपला फक्त खूण पाठवते आणि स्पीकर बंद करण्याचे काम सॉफ्टवेअर करते. या ओळख-पत्तीचा विचार न करता जॅक बदलायला बसणारे पुष्कळ आहेत, आणि निम्मे घोळ तिच्याच भोवती असतात.

आपल्याकडे या पत्त्यांचे हाल का होतात हेही समजून घ्यावे. गोव्याच्या दमट, खारट हवेत पत्तीवरचा पातळ मुलामा कोठेतरी झिजला की खालच्या तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट थर धरतो. त्यात किनाऱ्यावरची बारीक रेती आणि डिचोली-सत्तरीकडच्या खाणपट्ट्यातील तांबडी धूळ यांची भर पडते. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये खिडकीशी बसून खेळणाऱ्याच्या वायरीला प्रत्येक खड्ड्यात बसणारा हिसका मग उरलेले काम पुरे करतो, कारण सरळ बाहेर आलेली पिन तरफेसारखी वागते आणि तिचा सारा जोर जॅकच्या पायांच्या सोल्डरवर, म्हणजे ते पाय बोर्डाला जोडणाऱ्या धातूच्या टाक्यांवर येतो.

न उघडता करायच्या तपासण्या

प्रथम दुसरा, नक्की चालणारा हेडफोन लावून पाहावा आणि संशयित हेडफोन फोनला किंवा रेडिओला लावून पाहावा. ही तपासणी इतकी साधी आहे की ती सांगताना संकोच वाटतो. पण ती न करता आलेली यंत्रे मी मोजणे सोडून दिले आहे. हाताशी मल्टिमीटर असेल तर तो ओहमवर ठेवून पिनचे टोक आणि ग्राउंडचा पट्टा यांना स्पर्श करावा. चांगल्या हेडफोनमध्ये साधारण १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास आकडा दिसतो आणि स्पर्शाच्या क्षणी कानात बारीक टक् असा आवाज येतो. वायर पिनच्या मुळाशी हलवल्यावर आकडा नाचू लागला, तर यंत्र बाजूला ठेवून हेडफोन बदलावा.

त्यानंतर कव्हर काढून पिन पुन्हा घालावी. कव्हराच्या दीड मिलिमीटर जाडीमुळे पिन तेवढीच बाहेर राहते आणि प्रत्येक पट्टा भलत्याच पत्तीवर टेकतो.

मग सेटिंगे पाहावीत. निन्टेंडो स्विचला २०२१ मध्ये आलेल्या १३.०.० आवृत्तीपासून ब्लूटूथ हेडफोन जोडता येतात. घरात कोणाचे ब्लूटूथ बड्स त्याला जोडलेले राहिले असतील तर आवाज तिकडे जातो आणि आपण जॅकला दोष देत बसतो. सोनीच्या पीएसपीवर संगीताच्या खुणेचे बटण थोडा वेळ दाबून धरले की आवाज पूर्ण बंद होतो, आणि एव्हीएलएस हे सेटिंग चालू असल्यास आवाजाची वरची मर्यादा खाली येते. ज्या यंत्राला मुळात जॅकच नाही अशा यंत्राची तक्रारही माझ्याकडे एकदा आली होती : २००३ च्या गेम बॉय अॅडव्हान्स एसपीला हेडफोनसाठी वेगळे छिद्र नसून चार्जिंगच्या जागेत अॅडॉप्टर लावावा लागतो.

लक्षणे आणि त्यांचा अर्थ

येथे थोडा वेळ द्यावा, कारण पुढे कोणती पत्ती आणि कोणता पाय तपासायचा हे येथेच ठरते. ओळखीचे एखादे गाणे किंवा गेमचे सुरुवातीचे संगीत लावून, पिन बोटांत हलकेच धरून प्रथम ती जागच्या जागी गोल फिरवावी आणि मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अगदी थोडी कलवावी.

पिन गोल फिरवताना खरखर येते आणि मग आवाज सुधारतो, असे असेल तर पत्तीवर मळ किंवा गंज आहे. साफसफाईने हा दोष बहुधा जातो. फिरवण्याने काही फरक पडत नाही, पण एका विशिष्ट दिशेला कलवून धरले की आवाज पूर्ण आणि स्वच्छ येतो, असे असेल तर जॅकचा एखादा पाय बोर्डावरून सुटलेला असतो. दुरुस्ती करणारे यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. पिन नुसतीच सैल आहे, किंचित ओढताच निसटते, तर पत्तीचा ताण गेलेला आहे आणि ती पुन्हा वाकवण्यापेक्षा जॅक बदलणे बरे.

एकाच कानात आवाज येत असेल तर टोकाची किंवा मधल्या पट्ट्याची पत्ती संशयित ठरते. दोन्ही कानांत आवाज येतो, वाद्ये दूरवर वाजल्यासारखी ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा किंवा बोलणाऱ्याचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, हे लक्षण नवख्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकते. याचा अर्थ ग्राउंड तुटला आहे. ग्राउंड नसला की दोन्ही कानांतील स्पीकर एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांच्यातून डाव्या-उजव्या बाजूंमधला केवळ फरक वाहतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे तो वजाबाकीत पुसला जातो. हे लक्षण ओळखता आले की निम्मे निदान न उघडता झाले असे समजावे.

हेडफोन व्यवस्थित चालतो, पण तो काढल्यावर स्पीकर मुका राहतो, तर ओळख-पत्ती ‘पिन आत आहे’ याच स्थितीत अडकलेली आहे. उलट हेडफोन लावूनही स्पीकर वाजत राहतो, तर ती पत्ती हललेलीच नाही किंवा तिच्यावर मळ आहे. हेडफोन आणि स्पीकर दोन्ही पूर्ण गप्प असतील तर जॅकवर संशय घेण्याआधी आवाजाच्या मंडलाचा विचार करावा. १९९० च्या सेगा गेम गियरचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे : त्यातील जुने कपॅसिटर गळतात आणि आवाज मंद होत जाऊन बंद पडतो, जॅकचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

साफसफाई

यंत्र पूर्ण बंद करावे. केवळ झोपवून ठेवलेले चालत नाही. बॅटरी बाहेर निघत असेल तर काढावी. यंत्र उलटे, जॅकचे तोंड जमिनीकडे करून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. दिसणारा कापूस, दोरे किंवा रेती लाकडी टूथपिकच्या टोकाने, आतल्या भिंतीला चिकटून हलकेच ओढत बाहेर काढावी. आत ढकलू नये. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन येथे वापरू नये. कारण पुढे सांगणार आहेच.

त्यानंतर दातांच्या फटी साफ करण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारा सर्वांत बारीक ब्रश घ्यावा. मध्ये तार असलेला ब्रश असेल तर तारेचे उघडे टोक कापून गुळगुळीत करावे. तो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, झटकून, मग जॅकमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर आणि गोल फिरवावा. ब्रश ओला असावा, टपकणारा नसावा, कारण जादा द्रव आत जाऊन पडद्याच्या मागे पसरू शकतो. ब्रशवर हिरवट किंवा काळपट डाग येत असतील तर नवा ब्रश घेऊन पुन्हा तेच करावे. शेवटी एक जुना, बिनकामाचा हेडफोन घेऊन त्याची पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करावी. पत्तीवरचा उरलेला थर घासून निघतो. निदान अर्धा तास यंत्र उघड्यावर ठेवून मगच चालू करावे. पावसाळ्यात मी दोन तास ठेवतो.

येथे काही पदार्थांविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. थिनरने प्लास्टिक विरघळते. बिजागऱ्यांवर मारायचा तेलकट फवारा आत पातळ थर सोडतो आणि त्यावर पुढच्या महिन्यात दुप्पट धूळ बसते. रसायन मिळाले नाही म्हणून एका गृहस्थांनी काजूच्या फेणीने जॅक धुतला होता. फेणीत अर्ध्याहून अधिक पाणीच असते, तेव्हा तिचा उपयोग जेथे व्हायचा तेथेच होऊ द्यावा. ओले झालेले यंत्र उकड्या तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपायही तसाच निरर्थक आहे : तांदूळ पत्तीवरचे मीठ ओढून घेत नाहीत, उलट त्यांची पूड जॅकमध्ये जाते. यंत्र समुद्राच्या पाण्यात पडले असेल तर ते चालू न करता, उघडून, बॅटरी वेगळी करून बोर्ड प्रथम डिस्टिल्ड पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुणे हाच मार्ग आहे, आणि तो त्याच दिवशी करावा लागतो.

पिनचे टोक आत तुटून राहिले असेल तर

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा घडतो. बॉलपेनच्या रिफिलीला चिकटद्रव लावून ती आत खुपसायची आणि टोक ओढून काढायचे, अशी युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती कधी कधी यशस्वी होते हे खरे. पण चिकटद्रवाचा एक थेंब पत्तीवर गेला की जॅक कायमचा निकामी होतो, म्हणून मी ती वापरत नाही. यंत्र उघडून जॅकच्या मागच्या बाजूला पाहावे. काही जॅकना मागे बारीक छिद्र असते आणि तेथून पातळ तारेने टोक पुढे ढकलता येते. तसे छिद्र नसेल तर जॅकच बदलायचा आहे असे धरून पुढे जावे.

यंत्र उघडणे

लागणारी हत्यारे थोडी आहेत, पण ती नेमकी हवीत. बारीक फिलिप्स डोक्याचा चांगल्या पोलादाचा स्क्रू ड्रायव्हर, निन्टेंडोच्या यंत्रांसाठी तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी आणि टोकदार चिमटा. म्हाप्शाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा दहा तोंडांचा स्वस्त संच मी एकदा घेतला आणि पहिल्याच स्क्रूचे डोके गोल करून ठेवले. तेव्हापासून दोनच ड्रायव्हर घेतले, पण बरे घेतले. जपानी यंत्रांतील स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात, आणि त्या मापाचे टोक त्यांत अधिक घट्ट बसते.

उघडण्यापूर्वी मेमरी कार्ड आणि गेमचे कार्ड काढून ठेवावे. आत राहिलेले कार्ड झाकण उचलताना स्वतःही मोडते आणि आपली खाचही मोडते. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो घ्यावा. स्क्रू एका कागदावर, यंत्राची ढोबळ आकृती काढून, ज्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावेत, कारण लांबीत एका मिलिमीटरचा फरक असलेला स्क्रू चुकीच्या जागी घट्ट केला तर तो बोर्डाच्या आरपार जातो. झाकण सहज निघत नसेल तर एखादा स्क्रू राहिलेला आहे असे समजून पुन्हा शोधावे. झाकण निघताच पहिले काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवणे. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तेथेच थांबवावे; तिला धातूच्या हत्याराने स्पर्शही करू नये.

स्थिर विजेची भीती परदेशी मार्गदर्शकांत फार सांगितलेली असते. आपल्या जुलैच्या हवेत ती जवळजवळ नसते. वातानुकूलित खोलीत किंवा जानेवारीच्या कोरड्या सकाळी मात्र नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावून मगच बोर्ड उचलावा.

आता जॅक कशावर बसवला आहे हे पाहावे, कारण पुढचा मार्ग त्यावर अवलंबून आहे. १९८९ च्या मूळ गेम बॉयमध्ये तो मुख्य बोर्डावर नसून वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे. २०१७ च्या स्विचमध्ये हेडफोनचा जॅक आणि गेम कार्डाची खाच एकाच लहान बोर्डावर असतात आणि तो बोर्ड कनेक्टरने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. म्हणजे तो संपूर्ण लहान बोर्ड बदलला की आयर्न तापवण्याची गरजच नाही. अशी रचना असेल तर नवख्याने सुटा जॅक बदलण्याच्या भानगडीत पडू नये, सारा लहान बोर्डच मागवावा. जॅक मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर मात्र पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा.

मीटरने खात्री करणे

यासाठी मी एक साधन घरीच केले आहे आणि ते प्रत्येकाने करावे. जुन्या हेडफोनची वायर पिनपासून वीतभर अंतरावर कापावी, आतल्या बारीक तारांवरचा रंगीत लेप लायटरच्या ज्योतीत क्षणभर धरून जाळावा, टोके घासून त्यांवर सोल्डर चढवावे आणि कोणती तार कोणत्या पट्ट्याची हे मीटरच्या बीप मोडवर (जोडणी अखंड असली की मीटर वाजतो) तपासून चिठ्ठ्या लावाव्यात. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नये. ही पिन जॅकमध्ये घातली की एक टोक तारेला आणि दुसरे जॅकच्या पायाला लावून प्रत्येक पत्ती तपासता येते. बीप येत नाही तेथे पत्ती दोषी आहे. बीप पायाच्या धातूवर येते, पण तोच पाय बोर्डावरच्या ज्या ट्रॅकला, म्हणजे तांब्याच्या रेषेला, जोडलेला असायला हवा त्यावर येत नाही, तेथे ड्राय सोल्डर आहे. बीप येत असताना पिन हलवून पाहणे विसरू नये.

सर्व पत्त्या आणि पाय बरोबर निघाले तर जॅकपासून आवाजाच्या चिपपर्यंतची वाट पाहावी. वाटेत बहुधा फेराइट बीड नावाचे तांदळाच्या कणीएवढे सुटे भाग असतात. त्यांतून बीप आली पाहिजे. त्याच ठिकाणी स्थिर विजेपासून संरक्षण करणारे इवले डायोडही असू शकतात, आणि त्यांतला एखादा ग्राउंडशी शॉर्ट झाला की तेवढाच कान मुका होतो. नवख्यासाठी उत्तम रीत तुलनेची आहे : मीटर डायोड मोडवर ठेवून, लाल टोक ग्राउंडला धरून, काळे टोक आधी डाव्या आणि मग उजव्या ट्रॅकला लावावे. दोन्हीकडे साधारण सारखा आकडा यायला हवा. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे काहीतरी आकडा येत असेल, तर नवीन जॅक बसवूनही काही साधणार नाही.

मागच्या जुलैत डिचोलीहून एक मुलगा पीएसपी घेऊन आला. “काका, दुकानात म्हणाले, बोर्डच बदलावा लागेल,” असे त्याने दारातच सांगितले. हेडफोन काढूनही स्पीकर वाजत नव्हता. भिंगाखाली जॅकमध्ये पाहिले तेव्हा तोंडाशी तांबड्या धुळीचा गाळासारखा थर होता आणि त्यामागे ओळख-पत्ती पिन नसतानाही मागे वाकलेली, तिच्या कडेवर मोहरीएवढा हिरवा ठिपका. कोणीतरी सुईने साफ करायचा प्रयत्न केला होता. पत्तीवर सुईचा ओरखडा आरशासारखा चमकत होता. मळ गेला असता, पण वाकलेली पत्ती काही पूर्वपदावर आली नाही. जॅक बदलला, बोर्ड होता तोच राहिला.

ड्राय सोल्डर पक्के करणे

पाय सुटलेला असेल आणि जॅक स्वतः चांगला असेल तर केवळ पाय पुन्हा सोल्डर करावे. ज्याने आयर्न कधी वापरलेले नाही त्याने आधी एखाद्या मोडक्या रेडिओच्या बोर्डावर दोन-तीन संध्याकाळी सराव करावा. आयर्न तीन पिनांचे, म्हणजे अर्थिंग असलेले आणि तापमान ठरवता येणारे असावे. बोर्डावरचे कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तर बाजारात मिळणारे ६३/३७ प्रमाणातील कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना. आयर्नचे टोक मात्र ३३० ते ३५० अंशांवर ठेवावे, कारण उष्णता बोर्डात झपाट्याने पसरते.

पायावर थोडी फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायची पेस्ट, लावावी. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट वापरू नये, ती पुढे ट्रॅक खाते. आयर्नच्या टोकावर किंचित सोल्डर घेऊन पाय आणि पॅड (पाय ज्यावर बसतो तो बोर्डावरचा धातूचा तुकडा) दोन्हींना एकाच वेळी स्पर्श करावा, दोन-तीन सेकंदांत जुने सोल्डर चकाकून पसरले की ताजे सोल्डर थोडे द्यावे आणि आयर्न उचलावे. एका जागी चार सेकंदांहून अधिक रेंगाळू नये. ग्राउंडचे पाय मोठ्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेले असल्यामुळे उशिरा तापतात. तेथे तापमान वाढवण्याऐवजी रुंद टोक वापरावे. खिडकी उघडी ठेवावी, पावसामुळे ती बंद असेल तर धूर तोंडावरून बाजूला नेणारा लहान पंखा लावावा, आणि काम संपल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, कारण सोल्डरमध्ये शिसे आहे.

जॅक बदलणे

नवीन जॅक मागवताना यंत्राचे नाव पुरत नाही. एकाच यंत्राच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत वेगवेगळे जॅक असतात. यंत्राच्या मागील मॉडेल क्रमांक घ्यावा आणि जॅकच्या पायांची संख्या, त्यांची दिशा, उंची आणि तो बोर्डाच्या वर बसतो की बोर्डाला पाडलेल्या खाचेत बुडतो हे फोटोशी ताडून पाहावे.

काढताना कोणत्याही पायाला ओढायचे नाही, हा एकच नियम पुरेसा आहे. प्रत्येक पायावर आधी ताजे शिशाचे सोल्डर चढवावे, म्हणजे जुन्याशी मिसळून मिश्रण कमी तापमानाला वितळते. मग डिसोल्डरिंग विक, म्हणजे तांब्याची विणलेली पट्टी, फ्लक्स लावून पायावर ठेवावी आणि वरून आयर्न दाबावे. सोल्डर पट्टीत शोषले जाते. सर्व पाय मोकळे झाल्यावर जॅक चिमट्याने हलकेच हलवून पाहावा. हलत नसेल तर आणखी सोल्डर काढावे. हॉट एअर, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र, असेल तर काम लवकर होते, पण आसपासच्या प्लास्टिकवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावणे आणि वाऱ्याचा झोत कमी ठेवणे आवश्यक आहे. नवीन जॅक मात्र हॉट एअरने बसवू नये; त्याचे प्लास्टिक वितळून पत्ती तिरकी होते आणि आपण नव्यानेच नवा दोष बसवतो.

मी माझ्या स्वतःच्या यंत्रावर पहिल्यांदा हे काम केले तेव्हा ग्राउंडचा पाय सुटला असे वाटून जॅक उचलला आणि त्याबरोबर उजव्या कानाचे पॅडही बोर्डावरून उचलले गेले. असे झाले तर हताश होण्याचे कारण नाही, पण घाईही करू नये. तो ट्रॅक जेथे पुढे जातो तेथे, बहुधा जवळच्या फेराइट बीडच्या टोकाला, लेप असलेली केसासारखी बारीक तार सोल्डर करून दुसरे टोक जॅकच्या पायाला जोडावे. याला जंपर म्हणतात. तार जागच्या जागी राहावी म्हणून तिच्यावर यूव्ही गोंदाचा, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाचा, एक थेंब द्यावा. माझा तो जंपर अजून टिकून आहे.

पॅड विकने सपाट करून, अल्कोहोलने पुसून नवा जॅक ठेवावा. आधी जॅकला धरून ठेवणारे मोठे धातूचे पाय सोल्डर करावेत, कारण पिनचा सारा धक्का तेच सोसतात; त्यावेळी यंत्राचे झाकण तात्पुरते बसवून छिद्र समोरासमोर येते का हे पाहावे. मगच लहान पाय करावेत. शेवटी दोन शेजारच्या पायांत बीप येत नाही ना, ही खात्री करावी. रिकाम्या जॅकमध्ये ओळख-पत्ती मात्र एखाद्या शेजारच्या पायाशी मुद्दामच जोडलेली असू शकते, म्हणून नवा जॅक बसवण्याआधी सुटा असतानाच मोजून ठेवलेला बरा.

बंद करण्यापूर्वी आणि नंतर

बॅटरी जोडून, झाकण उघडेच ठेवून यंत्र चालू करावे. स्पीकर, डावा कान, उजवा कान, मग पिन काढल्यावर पुन्हा स्पीकर, या क्रमाने ऐकावे. हेडसेटला माइक असेल आणि यंत्र तो घेत असेल तर तोही तपासावा. मग बंद करून, बॅटरी सोडवून, स्क्रू कागदावरच्या जागांप्रमाणे परत लावावेत. शेवटच्या स्क्रूला जोर देऊ नये. प्लास्टिकचे आटे एकदा गेले की गेले.

यंत्र मुख्य बोर्डावरच्या जॅकचे असेल, पॅड आधीच कोणीतरी जाळलेले असतील आणि सोल्डरचा सराव नसेल, तर ते जाणत्या माणसाकडे द्यावे किंवा जॅक बंद ठेवून दुसरा मार्ग वापरावा. स्विचला यूएसबीचा हेडसेटही चालतो, आणि अनेकांना तेवढे पुरते.

पुढे तीच वेळ येऊ नये म्हणून काटकोनात वळलेली पिन वापरावी. ती यंत्राच्या अंगाला लागून राहते आणि बसमध्ये हिसका बसला तरी तरफ फारशी तयार होत नाही. जून ते सप्टेंबर यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि जेलचे रंग बदललेले खडे तव्यावर मंद आचेवर पुन्हा कोरडे करून घ्यावेत. हेडफोन लावून यंत्र पिशवीत टाकू नये. काढलेला जुना जॅकही फेकू नये. तो एका पुडीत, यंत्राचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवला तर पुढच्या वेळी तशाच जॅकची मापे व्हर्निअरने घ्यायला आणि पाय ताडून पाहायला तो हाताशी असतो.